रस्सीखेच जिंकली, पण नवं काही सुचलं का?

पावसाळा ओसरला की मुंबईतल्या ऑफिसांच्या बसेस कर्जत, नेरळ, लोणावळ्याकडे निघतात. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, पोहोचल्यावर पोहे-इडली, मग मैदानावर खेळ. एचआरमधलं कोणीतरी शिट्टी वाजवतं, अकाउंट्स विरुद्ध सेल्स अशी रस्सीखेच होते, जेवणानंतर अंताक्षरी. परतीच्या बसमध्ये चढण्याआधी साहेब चार शब्द बोलतात आणि त्यात हमखास येतं, की आता आपल्याला एक टीम म्हणून काहीतरी वेगळं करून दाखवायचंय. सोमवारी सगळे आपापल्या खुर्चीवर. मीटिंगमध्ये पुन्हा तेच तिघे बोलतात, बाकीचे वहीत रेघोट्या मारतात.

या सहली अगदीच वाया जातात असं माझं म्हणणं नाही. ज्याच्याशी वर्षानुवर्षं फक्त ईमेलवर भांडलो, तो माणूस हसतो कसा हे कळतं आणि पुढचा ईमेल जरा मऊ होतो. एवढा फायदा खरा. पण माणसं जवळ येणं वेगळं आणि त्यांना मिळून नवं सुचणं वेगळं. पहिलं झालं की दुसरं आपोआप होईल, अशी आशा बहुतेक साहेब लोक धरून असतात आणि गणित तिथंच चुकतं. ज्या टीमला नवं सुचतं, ती टीम मंगळवारच्या साडेअकराच्या मीटिंगमध्ये घडत असते, आणि ती घडणार की नाही हे बरंचसं त्या खोलीतल्या सर्वांत वरच्या माणसाच्या वागण्यावर ठरतं.

दोरी आणि डोकी

रस्सीखेचीचाच विषय निघाला आहे तर एक गंमत सांगतो. मॅक्स रिंगेलमान नावाचे एक फ्रेंच शेतकी अभियंते होते. माणसांना दोरी ओढायला लावून त्यांनी प्रत्येकाचा जोर मोजला आणि १९१३ साली निष्कर्ष छापले. एकट्यानं ओढताना माणूस जेवढा जोर लावतो, तेवढा तो गटात लावत नाही. तिघं असतील तर प्रत्येकाचा जोर ८५ टक्क्यांच्या आसपास येतो, आठ जण झाले की जवळपास निम्म्यावर. याची दोन कारणं. एक म्हणजे सगळ्यांचा ताल एकदम जुळत नाही. दुसरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे: मी थोडी ढील दिली तर कुणाला कळणार आहे? पुढं १९७४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून हेच तपासलं. मागे आणखी माणसं ओढताहेत असं त्यांना सांगितलं होतं; प्रत्यक्षात मागे कोणीच ओढत नव्हतं. तरीही जोर घटला. म्हणजे टीम भावना वाढवण्यासाठी आपण जो खेळ निवडतो, तोच खेळ माणूस गटात अंग कसं चोरतो हे दाखवायला शंभर वर्षांपूर्वी वापरून झाला आहे.

कल्पनांचंही असंच होतं. ब्रेनस्टॉर्मिंगची, म्हणजे गटानं एकत्र बसून भराभर कल्पना काढण्याची पद्धत रूढ केली ती अमेरिकेतल्या बीबीडीओ या जाहिरात एजन्सीतल्या ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी. १९५३ सालच्या पुस्तकात त्यांनी तिचे नियम मांडले: टीका करायची नाही, कल्पना जितक्या जास्त तितकं बरं, वेडगळ काही सुचलं तरी बोला, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. ऐकायला छान. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात हे पडताळून पाहिलं तेव्हा उलटंच निघालं. चार जणांनी एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढल्या, त्याच्या जवळपास दुप्पट कल्पना वेगवेगळ्या बसलेल्या चार जणांच्या याद्या एकत्र करून, सारख्या गोष्टी वगळून, हाती आल्या. जर्मनीतल्या मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबं यांनी १९८७ मध्ये यामागचं मुख्य कारण शोधलं आणि ते फारच साधं आहे. एका वेळी एकालाच बोलता येतं. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात, थांबता थांबता आपला मुद्दा विसरतात, किंवा 'जाऊ दे, आता त्यात काय' म्हणून सोडून देतात.

म्हणून पहिला उपाय अगदी फुकटचा आहे. आधी लिहा, मग बोला. विषय सांगा, दहा मिनिटं खोलीत शांतता ठेवा, प्रत्येकाला स्वतःपुरतं कागदावर उतरवू द्या. जर्मनीतल्याच बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये याची एक शिस्तशीर पद्धत दिली: सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, त्यानं वाचून आणखी तीन लिहायच्या. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ नोंदी जमतात. त्यातल्या शंभर टाकाऊ असतील, असू देत. मीटिंगमध्ये कधीच तोंड न उघडणाऱ्या माणसाचा कागदही बोलक्या माणसाच्या कागदाएवढाच मोठा असतो, हा यातला मोठा फायदा.

तोंड उघडायची किंमत

पण लिहूनही माणसं मनातलं लिहितील, याची खात्री काय? इथं खरा विषय सुरू होतो.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीमच्या हातून औषध देण्यातल्या चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. ज्या वॉर्डांत नेतृत्व चांगलं, एकमेकांशी संबंध चांगले, तिथंच जास्त चुकांची नोंद. खोलात गेल्यावर उलगडा झाला: तिथं चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथली माणसं चुका सांगत होती. बाकीच्या वॉर्डांत त्या झाकल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी एका कारखानदार कंपनीतल्या ५१ टीमवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ही गोष्ट 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' या नावानं मांडली. आपल्या भाषेत सांगायचं तर, इथं बोललो तर माझी शोभा होणार नाही, हा भरवसा. पुढं गूगलनं २०१२ पासून आपल्या १८० टीम तपासल्या. कोणाची पदवी कुठली, कोण किती हुशार, कोण कोणाशेजारी बसतं, यापेक्षा हा भरवसाच सर्वांत महत्त्वाचा ठरला.

भरवसा म्हणजे गोडगोड वातावरण असा एक सोयीस्कर अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात जिथं भरवसा असतो तिथं वाद जास्त होतात, कारण वाद घालणं परवडतं.

गप्प राहण्याची ओढ किती जबर असते, हे सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये दाखवलं. तीन रेघांपैकी नमुन्याएवढी कुठली, एवढाच प्रश्न. लहान मूलही चुकणार नाही. पण खोलीतली बाकीची माणसं आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायची. ज्यांना हे ठाऊक नव्हतं, त्या उमेदवारांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराला 'हो' म्हणाले. डोळ्यांसमोर रेघ असताना! मात्र गटात एकच जण बरोबर उत्तर देणारा ठेवला, तर री ओढण्याचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शावर उतरलं. कुठल्याही साहेबानं लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे ही. सगळी टीम बंडखोर असायची गरज नाही. 'मला तसं वाटत नाही' असं एका माणसानं म्हटलं आणि त्याचं काही वाईट झालं नाही, एवढं बाकीच्यांना दिसावं लागतं.

आता हे सगळं एका ओळखीच्या जागी आणून बघू.

समजा, परळमधली एका सरकारी बँकेची शाखा आहे. नोव्हेंबर लागला आहे, म्हणजे पेन्शनर मंडळींच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय आली, तरी रांग फुटपाथपर्यंत जाते. वय झालं की बोटांचे ठसे पुसट होतात, मशीन ते घेत नाही, ओटीपी गेलेला मोबाइल सुनेकडे घरी असतो. शाखा व्यवस्थापक मॅडम मीटिंग बोलावतात. "गर्दीवर काहीतरी क्रिएटिव्ह सुचवा. मला विचाराल तर टोकन मशीन लावावं. तुमचं काय म्हणणं?" म्हणणं काय असणार? टोकन मशीन उत्तम. एक जण मशीनचा रंग कुठला असावा यावर बोलतो. दहा मिनिटांत मीटिंग आटोपते, सगळे खूश. आठवड्यानं मशीन येतं आणि पूर्वी उभी असलेली रांग आता बसलेली असते.

तीच शाखा, त्याच मॅडम, तऱ्हा निराळी. आदल्या दिवशी त्या सगळ्यांना एकेक कागद देतात: काउंटरवरच्यांना, दारावरच्या वॉचमन काकांना, सफाईला येणाऱ्या मावशींनाही. मावशींना लिहायला अडचण असेल तर त्यांचं दुसऱ्या कोणीतरी लिहून घ्यायचं. उपाय विचारलेला नाही. विचारलंय एवढंच, की गर्दी कधी होते आणि लोकांचा वेळ कशात जातो. नाव लिहायचं नाही. मराठी, हिंदी, मोडकंतोडकं, काहीही चालेल. वॉचमन काकांच्या कागदातून कळतं की बँक दहाला उघडत असली तरी म्हातारी माणसं साडेआठलाच येऊन पायरीवर बसतात, कारण त्या वेळी ऊन नसतं. आणि त्यातले बरेच जण पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा क्रमांक) किंवा आधार कार्ड घरी विसरून आलेले असतात. दोन तास रांगेत थांबल्यावर काउंटरवर त्यांना हे समजतं. काउंटरवरच्या मुलीनं लिहिलंय की ठसा जुळला नाही की एकेका माणसामागे वीस मिनिटं जातात, आणि चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे पण तिचं ॲप शाखेतल्या एकाच मोबाइलवर आहे.

आता मीटिंग. मॅडम सगळे कागद वाचून दाखवतात आणि स्वतः काही न बोलता बसून राहतात. हे फार अवघड असतं बरं का. पंचवीस वर्षांची नोकरी झालेल्या माणसाला अर्धा तास गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. पण हळूहळू बोलणं सुरू होतं. साडेनऊला एकानं बाहेर जाऊन काकांबरोबर कागदपत्रं तपासायची. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पासबुक भरायला येणाऱ्यांच्या हातात 'येताना काय आणायचं' याची चिठ्ठी ठेवायची. केंद्र सरकारचे ८० वर्षांवरचे पेन्शनर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देऊ शकतात, ते महिनाभर आधीच बोलवायचे. ॲप आणखी तिघांच्या मोबाइलवर घ्यायचं.

यात डोळे दिपवणारं काही नाही. पण नोकरीधंद्यातली सर्जनशीलता बहुतेक वेळा अशीच दिसते: दोन माणसांच्या डोक्यात वेगवेगळी पडून असलेली माहिती एका टेबलावर येते. काकांना जे माहीत होतं ते मॅडमना माहीत नव्हतं, आणि मॅडमना जो नियम माहीत होता तो काकांना नव्हता. पहिल्या मीटिंगमध्ये मॅडमनी पहिल्याच वाक्यात उत्तर सांगून टाकलं आणि दार लागलं. हेतू चांगलाच होता.

म्हणून साहेबांनी शेवटी बोलावं. 'मला अजून नीट कळलेलं नाही' हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी सगळ्यांसमोर म्हणावं. आणि कोणी वाईट बातमी आणली तर तोंडातून निघणारा पहिला शब्द सांभाळावा, कारण तो शब्द संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यावर पोहोचलेला असतो.

थर लावायचे की नवी रचना शोधायची?

मुंबईत टीमचं उदाहरण द्यायचं म्हटलं की गोविंदा पथक आठवतंच. जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावले, त्याची गिनेस बुकात नोंद झाली. एकमेकांवरचा विश्वास काय असतो ते तिथं बघावं. पण ऐन हंडीच्या वेळी चौथ्या थरावरच्या पोराला एखादी अभिनव कल्पना सुचली तर काय होईल, याचाही विचार करून बघा. त्या क्षणी प्रत्येकानं ठरलेलं तेवढंच करायचं असतं. नव्या रचनेचा प्रयोग होतो तो गुरुपौर्णिमेच्या सुमाराला सुरू होणाऱ्या सरावात, रात्री उशिरा, चाळीच्या अंगणात किंवा मैदानात. तिथं थर कोसळतात, पुन्हा लागतात, कोणाला कुठं उभं करायचं यावर घसा ताणून भांडणं होतात. आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत बारा महिने हंडीच चालू असते, सरावाची रात्र नसतेच. रोजचं टार्गेट सांभाळून वर नवं सुचवा, असं म्हटल्यावर माणसं मान डोलावतात आणि टार्गेट सांभाळतात. आठवड्यातला एक तास असा राखावा लागतो, जिथं अर्धवट गोष्ट मांडली तरी चालते आणि त्याचा कुठल्या रिपोर्टमध्ये उल्लेख होत नाही.

वादाला घाबरू नये, हे मघाशी म्हटलं त्याला आधार आहे. शार्लन नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि फ्रान्समध्ये केलेला एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गटांना विषय दिला होता वाहतूक कोंडीचा. आपल्याला तो समजावून सांगायला नकोच. काही गटांना 'टीका करू नका' असं सांगितलं, काहींना 'वाद घाला, एकमेकांच्या कल्पना खोडून काढा' असं सांगितलं. वाद घालणाऱ्यांनी जास्त कल्पना काढल्या. वाद कल्पनेशी हवा, माणसाशी नको, हे नेत्यानं बघायचं. 'हे चालणार नाही' असं म्हणणाऱ्याला 'कशानं अडेल ते सांग' एवढं विचारलं तरी वादाला वळण लागतं.

बक्षिसांचं काय? इथं जपून. १९६२ मध्ये सॅम ग्लक्सबर्ग यांनी लोकांना मेणबत्ती, टाचण्यांची पेटी आणि काड्यापेटी देऊन मेणबत्ती भिंतीवर लावायला सांगितली. युक्ती अशी, की टाचण्यांची पेटी रिकामी करून तिचाच कट्टा बनवायचा. ज्यांना पैशांचं आमिष दाखवलं होतं त्यांना हे सुचायला जास्त वेळ लागला. टाचण्या आधीच पेटीबाहेर काढून ठेवल्या, म्हणजे कोडं सरळ केलं, तेव्हा मात्र पैसेवाले पुढे गेले. ठरलेलं काम भराभर करून घ्यायला इन्सेंटिव्ह बरा. नवं सुचायला हवं असेल तर 'सर्वोत्तम कल्पनेला पाच हजार' हा फलक लावण्यापूर्वी विचार करा. मला त्यापेक्षा टाटा समूहाची एक चाल आवडते. त्यांच्या 'इनोव्हिस्टा' स्पर्धेत 'डेअर टू ट्राय' नावाचा एक विभाग आहे, आणि त्यात गौरव होतो तो धाडसानं करून पाहिलेल्या पण फसलेल्या प्रयत्नांचा. छोट्या ऑफिसात यासाठी समारंभ लागत नाही. काय करून पाहिलं, कुठं अडलं, हे त्या माणसानं पंधरा मिनिटांत सगळ्यांना सांगितलं आणि त्याच्या अप्रेझलमध्ये त्याचा डाग लागला नाही, एवढं पुरतं. दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

टीममध्ये कोण आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. थ्रीएम कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हाती १९६८ मध्ये एक असा गोंद लागला, जो चिकटतो पण सहज सुटतो. उपयोग काय, ते त्यांनाही सांगता येईना. ते कंपनीत जमेल तिथं त्याबद्दल बोलत राहिले. दुसऱ्या विभागातले आर्ट फ्राय चर्चमध्ये समूहगायनाला जायचे आणि पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या पडतात म्हणून वैतागायचे. त्यांनी हे ऐकलं होतं, आणि १९७४ मध्ये त्यांच्या डोक्यात दुवा जुळला. १९८० मध्ये 'पोस्ट-इट' ही चिकटणारी पण सहज निघणारी चिठ्ठी अमेरिकेच्या बाजारात आली. दोघं एकाच विभागात, एकाच टेबलावर असते तर त्यांचे वैतागही कदाचित सारखेच असते. एकाच कॉलेजातून, एकाच वयाची, एकाच भागात राहणारी माणसं गोळा करून त्यांच्याकडून वेगळेपणाची अपेक्षा ठेवणं जरा अन्यायाचं आहे.

आणि वेगळी माणसं गोळा केली तरी ती खोलीत हवीत ना. मुंबईत 'जरा सगळे भेटू या' म्हणजे सहानंतर लोअर परळला किंवा बीकेसीत. बदलापूरला किंवा विरारला राहणाऱ्याचं अर्धं लक्ष घड्याळात, ठरलेली फास्ट चुकली की घरी पोहोचायला साडेनऊ. जिला पाळणाघरातून मुलाला आणायचंय ती येतच नाही. मग ज्या मोकळ्या गप्पांतून कल्पना निघायच्या, त्या ऑफिसजवळ राहणाऱ्या आणि घरची जबाबदारी नसलेल्या चार-पाच जणांच्याच होतात, आणि पुढच्या प्रोजेक्टला त्यांचीच नावं. टीम बांधायची असेल तर ती कामाच्या वेळात बांधा. भाषेचंही तसंच. इंग्रजीत सांगितलेला सामान्य मुद्दा मराठीत सांगितलेल्या चांगल्या मुद्द्यापेक्षा वजनदार वाटतो, हे आपल्या बहुतेक ऑफिसांतलं उघड गुपित आहे. नेत्यानं स्वतः दोन वाक्यं मराठीत किंवा हिंदीत टाकली की मागच्या रांगेतल्यांच्या खुर्च्या थोड्या पुढं सरकतात.

हे सगळं चालतंय की नाही, हे कशावरून ओळखायचं? कल्पनांच्या पेटीत किती चिठ्ठ्या पडल्या ते मोजू नका. आठवून पाहा: हाताखालच्या माणसानं आपलं म्हणणं सगळ्यांसमोर शेवटचं कधी खोडलं होतं? बिघडलेल्या कामाची बातमी आपल्याला त्याच माणसाकडून कळते की क्लायंटच्या फोनवरून? नाकारलेल्या सूचनेचं कारण सुचवणाऱ्याला कोणी सांगितलं का? माणसं नकार पचवतात. सूचना कुठं गडप झाली हेच न कळणं त्यांना पचत नाही, आणि दुसऱ्या खेपेला ती काही सुचवत नाहीत.

एक जागा मात्र जवळपास सगळीकडे रिकामी पडलेली असते, ती म्हणजे नवा माणूस. पहिल्या महिन्यात त्याला सगळंच खटकतं: हा फॉर्म दोनदा का भरायचा, या सहीसाठी तीन मजले का चढायचे. दुसऱ्या महिन्यात त्याला सवय होते आणि डोळे आपल्यासारखेच होतात. त्याला रुजू होताना एक वही द्या, जे जे विचित्र वाटेल ते लिहून ठेवायला सांगा, आणि महिना संपताना टीमसमोर वाचायला लावा. त्याच्या प्रत्येक 'असं का?' ला कोणीतरी उत्तर द्यायचं. 'पूर्वीपासून असंच आहे' हे उत्तर जिथं जिथं येईल तिथं पेन्सिलीनं खूण करा, आणि पुढच्या मीटिंगचा विषय त्या खुणांतून उचला.